सस्तन प्राण्यांच्या जीनोममधील पाय-आरएनए क्लस्टर नेमके कसे ठरवावेत?

अन्वय (प्रश्न)

नमस्कार. पाय-आरएनए, म्हणजे पिवी कुळातील प्रथिनांशी बांधले जाणारे लघु-आरएनए, जीनोमच्या ज्या भागांतून दाटीने तयार होतात ते भाग (क्लस्टर) मला शोधायचे आहेत. त्यासाठी उंदराच्या वृषणातील लघु-आरएनएचे अनुक्रमण करून मिळालेल्या डेटावर मी काम करत आहे. जन्मानंतर दहा दिवस, सतरा दिवस आणि प्रौढ अवस्था असे तीन टप्पे असून प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र जैविक नमुने आहेत. ॲडॅप्टर (अनुक्रमणासाठी जोडलेले कृत्रिम तुकडे) कापून २४ ते ३२ न्यूक्लिओटाइड लांबीचे रीड्स (वाचलेले अनुक्रम) ठेवले, एकही मिसमॅच (न जुळणारा बेस) न चालवता ते संदर्भ जीनोमवर मॅप केले आणि ५,००० बेसच्या खिडक्यांमध्ये त्यांची मोजणी केली. केवळ योगायोगाने जितके रीड्स पडावेत त्याहून लक्षणीय जास्त रीड्स ज्या खिडक्यांत आढळले, त्या शेजारशेजारच्या खिडक्या जोडून त्यांना क्लस्टर मानले.

अडचण अशी आहे की मर्यादा किंचित बदलली तरी क्लस्टरची संख्या काही शेकड्यांवरून काही हजारांवर जाते. त्यातील बरेच छोटे क्लस्टर टी-आरएनएच्या जनुकांवर किंवा प्रथिने घडवणाऱ्या जनुकांच्या ३′ टोकाच्या अननुवादित भागावर पडतात. शिवाय दहा दिवसांच्या नमुन्यातील क्लस्टर आणि प्रौढ नमुन्यातील क्लस्टर यांच्या सीमा जुळत नाहीत. खिडकीची लांबी आणि मर्यादा कोणत्या आधारावर निवडावी, जीनोममध्ये अनेक ठिकाणी जुळणाऱ्या रीड्सचे काय करावे आणि वेगवेगळ्या वयांचे क्लस्टर एका यादीत कसे आणावेत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

बीजकण

मर्यादेचा विचार करण्याआधी आपण काय मोजत आहात याकडे पाहावे, असे मी सुचवेन. २४ ते ३२ ही लांबीची चाळणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. पिवी कुळातील मिली प्रथिनाशी बांधलेले पाय-आरएनए साधारण २६-२७ न्यूक्लिओटाइडचे आणि त्याच कुळातील मिवीशी बांधलेले साधारण ३० न्यूक्लिओटाइडचे असतात. टी-आरएनए मधोमध तुटून होणारे तुकडेही तिशीच्या आसपासच येतात. त्यामुळे लांबीच्या आलेखात ३० जवळ शिखर दिसले म्हणून ते मिवीचेच आहे असे गृहीत धरता येत नाही.

भेद ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रीड्सची एकूण संख्या बाजूला ठेवून त्यांची ५′ टोके किती वेगवेगळ्या स्थानांवर पडतात ते मोजणे. टी-आरएनए किंवा स्नो-आरएनएच्या जागी हजारो रीड्स असले तरी ते बहुधा दोन-चार स्थानांवरूनच सुरू होतात. खऱ्या पाय-आरएनए क्लस्टरमध्ये मात्र लांबच लांब पूर्वगामी आरएनए ठिकठिकाणी कापला जात असल्यामुळे सुरुवातीची स्थाने हजारोंनी विखुरलेली असतात. खिडकीतील एकूण रीड्सपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या मोजक्या अनुक्रमांचा वाटा किती, हे एवढे गुणोत्तर काढले तरी आपल्या छोट्या क्लस्टरपैकी पुष्कळसे बाद होतील. त्याच्या जोडीला पहिल्या स्थानी युरॅसिल असण्याचे प्रमाण पाहावे. प्राथमिक पाय-आरएनएमध्ये ते फार जास्त असते. विघटनातून आलेल्या तुकड्यांमध्ये तसा कल दिसण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेत अजून नमुना शिल्लक असेल तर परआयोडेट ऑक्सिडीकरणाचा विचार करावा. पाय-आरएनएच्या ३′ टोकावर एचईएनएमटी१ हे विकर २′-ओ-मिथिल गट बसवते. त्यामुळे ती टोके ऑक्सिडीकरणातून वाचतात, तर सस्तन प्राण्यांचे मायक्रोआरएनए आणि बहुतेक विघटित तुकडे वाचत नाहीत. अशा लायब्ररीत क्लस्टर फार स्वच्छ दिसतात. पण ऑक्सिडीकरण केलेल्या आणि न केलेल्या लायब्ररींची प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. मायक्रोआरएनए निघून गेल्यावर भाजकच बदलतो आणि प्रति दशलक्ष रीड्स हे एकक दोन्हीकडे एकच उरत नाही.

आणखी एक गोष्ट. ३′ अननुवादित भागावरचे क्लस्टर सरसकट काढून टाकू नका. दहा दिवसांच्या वृषणात काही प्रथिनजनुकांच्या ३′ भागांतून खरोखरच पाय-आरएनए तयार होतात. ते खोटे नाहीत. त्यांचा प्रकार वेगळा आहे. टी-आरएनए, आर-आरएनए आणि स्नो-आरएनएशी जुळणारे सर्व रीड्स मात्र मॅपिंगपूर्वीच वगळावेत.

रेणुसूत्र

बीजकण यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, निदान उंदरासाठी तरी नाही. उंदराच्या जीनोममध्ये बी-२ नावाचे लहान विखुरलेले पुनरावर्ती घटक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचा उगम टी-आरएनएपासून झाला आहे. एक-दोन मिसमॅच चालवून टी-आरएनएची चाळणी लावली, तर क्लस्टरच्या पोटात असलेल्या बी-२ तुकड्यांतून आलेले खरे पाय-आरएनएही तिच्यात अडकतात आणि क्लस्टरला नको तिथे भोके पडतात. चाळणी लावायचीच असेल तर तंतोतंत जुळणाऱ्या रीड्सपुरती लावावी आणि वगळलेल्या रीड्सची वेगळी नोंद ठेवावी. सीमा ठरल्यानंतर ते रीड्स परत आणून काय फरक पडतो ते पाहता येते.

आता अनेक ठिकाणी जुळणाऱ्या रीड्सविषयी. येथे टप्प्याटप्प्यात मोठा फरक आहे आणि एकच नियम तिन्हींना लावणे हीच मूळ चूक ठरते. प्रौढ वृषणातील पॅकिटीन (अर्धसूत्री विभाजनाच्या या टप्प्यातील) पाय-आरएनए पुनरावर्ती अनुक्रमांच्या बाबतीत एकूण जीनोमच्या तुलनेने दरिद्री असतात. २००६ साली अनेक गटांनी सस्तन प्राण्यांतील पाय-आरएनएचे पहिले वर्णन केले, तेव्हाच हे लक्षात आले होते. त्यामुळे पॅकिटीन क्लस्टर केवळ एकाच ठिकाणी जुळणाऱ्या रीड्सवरून उत्तम सापडतात. भ्रूणावस्थेत मिवी-२ या प्रथिनाशी बांधले जाणारे पाय-आरएनए मात्र मोठ्या प्रमाणात ट्रान्सपोझॉनमधून (जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या अनुक्रमांतून) येतात. तिथे बहुस्थानी रीड्स टाकून दिले तर ज्याचा अभ्यास करायचा तेच हातचे जाते.

सर्व जागांना समान वाटणी करण्याची पद्धत वरवर न्याय्य वाटते, परंतु तिचा परिणाम वाईट होतो. शंभर ठिकाणी जुळणारा रीड प्रत्येक जागेला ०.०१ इतका वाटा देतो. असे लाखो रीड्स असले की एल-१ किंवा आयएपी या ट्रान्सपोझॉन कुटुंबाची प्रत्येक तरुण प्रत, तिचे प्रतिलेखन होत असो वा नसो, थोडीथोडी उजळते आणि लहान क्लस्टर म्हणून यादीत शिरते. याला पर्याय म्हणून शॉर्टस्टॅकसारखी साधने आसपासच्या एकस्थानी रीड्सची घनता पाहून बहुस्थानी रीड कुठे ठेवायचा ते ठरवतात. शॉर्टस्टॅकचा वापर मुख्यतः वनस्पतींच्या डेटासाठी झाला आहे, पण ही कल्पना इकडेही उपयोगी आहे. मला अधिक पटते ती पायरीपायरीची रीत: आधी फक्त एकस्थानी रीड्सवरून बीजे शोधायची, मग त्या बीजांना लागून असलेल्या भागातच बहुस्थानी रीड्सना प्रवेश द्यायचा आणि ज्या भागाला एकाही एकस्थानी रीडचा आधार नाही त्याला क्लस्टर म्हणायचे नाही. पीआयसीबी हे साधन साधारण याच धर्तीवर चालते.

यासोबत मॅप होण्याची शक्यता मोजायला विसरू नये. संदर्भ जीनोमचे २८ किंवा ३० लांबीचे सर्व तुकडे करून ते पुन्हा त्याच जीनोमवर जुळवले, की प्रत्येक खिडकीतील किती स्थाने एकमेव आहेत ते कळते. घनता खिडकीच्या लांबीने भागण्याऐवजी या एकमेव स्थानांच्या संख्येने भागावी. आणि संदर्भ जीनोम ज्या वंशाचा आहे तो सी-५७ ब्लॅक-६ वंश आपल्या प्राण्यांचा नसेल, तर एकही मिसमॅच न चालवण्याची अट क्लस्टर अकारण तोडते. क्लस्टरच्या अनुक्रमावर निवडीचा दाब कमी असल्यामुळे तिथे वंशावंशांत फरक भरपूर असतात.

गणितप्रेमी

संख्या हजारांवर का जाते याचे निम्मे उत्तर साध्या गुणाकारात आहे. उंदराचा जीनोम सुमारे २७० कोटी बेसचा आहे. ५,००० बेसच्या, एकमेकींवर न चढणाऱ्या खिडक्या घेतल्या तरी त्या ५,४०,००० भरतात. प्रत्येक खिडकीला ०.०१ ही मर्यादा लावली तर डेटामध्ये एकही क्लस्टर नसतानासुद्धा ५,४०० खिडक्या लक्षणीय ठरतील. सरकत्या खिडक्या घेतल्यास चाचण्या आणखी वाढतात आणि त्या परस्परांपासून स्वतंत्रही राहत नाहीत. तेव्हा बहुचाचणी दुरुस्ती अनिवार्य आहे.

तरीही केवळ दुरुस्तीने प्रश्न सुटत नाही, कारण मूळ गृहीतकच दुबळे आहे. रीड्स संपूर्ण जीनोमवर समप्रमाणात विखुरलेले असतात, हे पॉयसाँ वितरणामागचे गृहीतक प्रत्यक्षात कुठेच खरे नसते. जिथे जिथे एखादे जनुक जोरात व्यक्त होते, तिथे तिथे त्याच्या आरएनएचे विघटित तुकडे लायब्ररीत येतात आणि पार्श्वभूमी खडबडीत होते. म्हणून तुलना कोऱ्या जीनोमशी करू नये. त्याच नमुन्याचा लांब आरएनएचा डेटा घ्यावा आणि तितक्याच पातळीवर व्यक्त होणाऱ्या सामान्य एम-आरएनएच्या एक्झॉनवर लघु रीड्सची घनता किती आहे ते पाहावे. त्या घनतेच्या वर जे स्पष्टपणे उठून दिसते तेच विचारात घेण्याजोगे. ऋण द्विपद वितरण वापरले तर खडबडीतपणा काही प्रमाणात सामावला जातो. जैविक प्रतिकृती असल्यास सेगमेंटसेक या साधनातील बेझियन पद्धत प्रतिकृतींमधील चढउतार थेट हिशेबात घेते.

साधनांविषयी थोडे. २०१२ सालचे प्रोट्रॅक घनतेबरोबरच पहिल्या स्थानचे युरॅसिल, दहाव्या स्थानचे ॲडेनिन, रीड्सची लांबी, धाग्यांमधील असमतोल आणि मोजक्या अनुक्रमांचे वर्चस्व या सर्व कसोट्या लावते. बीजकण यांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात आयत्या मिळतात. पायक्लस्ट हे साधन डीबीस्कॅन या घनताधारित पद्धतीवर उभे आहे. त्यात ठरावीक खिडकी नसते. दोन रीड्समधील कमाल अंतर आणि किमान संख्या एवढीच दोन मापे द्यावी लागतात. क्लस्टरच्या सीमा कृत्रिमपणे ५,००० च्या पटीत येत नाहीत, हा त्याचा फायदा. पण एकच घनता संपूर्ण जीनोमला लावली जाते, हा तोटा. पॅकिटीन क्लस्टर इतके दाट असतात की त्यांच्यासाठी योग्य ठरलेली मापे दहा दिवसांच्या विरळ क्लस्टरना अर्धवट कापतात.

आणखी दोन तपासण्या मी नेहमी करून घ्यायला सांगतो. पहिली, क्लस्टर घनतेच्या उतरत्या क्रमाने लावून रीड्सचा संचित आलेख काढावा. वृषणाच्या डेटात वरचे काही शेकडा क्लस्टर बहुतांश पाय-आरएनए सामावून घेतात आणि वक्ररेषा लवकरच आडवी होते. त्या वळणापलीकडच्या लांब शेपटीला अर्थ देण्याचा मोह टाळावा. दुसरी, यादृच्छिक निवडीने निम्मे रीड्स घेऊन सर्व प्रक्रिया पुन्हा चालवावी. जे क्लस्टर तेवढ्याने नाहीसे होतात त्यांचे अस्तित्व अनुक्रमणाच्या खोलीवर अवलंबून होते. खिडकीची लांबी किती असावी यावर फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. ती दुप्पट किंवा निमपट केल्यावर जे टिकते त्यावरच पुढे काम करावे.

अन्वय

सर्वांचे आभार. ०.०१ ची मर्यादा दुरुस्तीविनाच लावलेली होती, त्यामुळे तो मुद्दा निकाली निघाला. प्राणी सी-५७ ब्लॅक-६ वंशाचेच आहेत. सीमांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. काही ठिकाणी एका क्लस्टरचे तीन-चार तुकडे दिसतात आणि मध्ये काही हजार बेसची पोकळी असते. जोडण्याचे अंतर वाढवले की शेजारचे, विरुद्ध धाग्यावरचे क्लस्टरही त्यात मिसळतात. त्याच नमुन्यांचा लांब आरएनएचा डेटा आणि प्रौढ वृषणातील एच-३-के-४ ट्रायमिथिलीकरणाचा (प्रमोटरजवळ आढळणाऱ्या हिस्टोनवरील खुणेचा) डेटा उपलब्ध आहे.

धागेदोरे

मग आपल्याकडे उत्तराचा मोठा भाग आधीच आहे. घनतेवरून क्लस्टर कुठे शोधायचा ते कळते. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तिच्यावरून ठरवू नये. पाय-आरएनए क्लस्टर म्हणजे आरएनए पॉलिमरेज-२ ने प्रतिलेखित केलेले जनुक आहे. त्याला प्रमोटर (प्रतिलेखन सुरू करणारा भाग) असतो, त्याच्या प्रतिलेखाला सुरुवातीला टोपी असते, शेवटी पॉली-ए शेपूट असते आणि काही वेळा इंट्रॉनही (कापून टाकले जाणारे मधले भाग) असतात. आपल्याला दिसणाऱ्या पोकळ्यांपैकी काही नक्कीच इंट्रॉन असतील. लांब आरएनएच्या डेटामध्ये पोकळीच्या दोन्ही कडांना जोडणारे स्प्लाइस रीड्स आहेत का ते पाहावे. इतकेच नव्हे, तर लघु रीड्सपैकी जे जीनोमवर कुठेच जुळले नाहीत ते जुळवलेल्या प्रतिलेखांवर मॅप करून पाहावेत. एक्झॉनच्या सांध्यावर बसणारे पाय-आरएनए सापडले, तर तुकडे एकाच जनुकाचे आहेत याला याहून चांगला पुरावा नाही. अंतराच्या नियमाने तुकडे जोडणे मग अनावश्यक ठरते. उरलेल्या पोकळ्यांत एकमेव स्थाने किती आहेत, हे रेणुसूत्र यांनी सांगितलेल्या गणनेतून कळेल.

सुरुवातीचे टोक एच-३-के-४ ट्रायमिथिलीकरणाच्या शिखरावरून ठरते, टोपीजवळील अनुक्रमणाचा डेटा मिळाल्यास अधिक अचूक ठरते. शेवटचे टोक पॉली-ए स्थानांच्या डेटावरून. उंदरावरील २०१३ सालच्या कामात लघु आरएनए, लांब आरएनए, टोपी, शेपूट आणि क्रोमॅटिन अशा सर्व प्रकारच्या डेटाची सांगड घालून २१४ पाय-आरएनए जनुके निश्चित केली गेली: ८४ पॅकिटीनपूर्व, १०० पॅकिटीन आणि ३० संमिश्र. पॅकिटीन जनुकांचे प्रतिलेखन ए-मिब हा घटक चालवतो, हेही त्याच कामातून पुढे आले. आपली यादी हजारांत असेल तर ती या आकड्याशी ताडून पाहावी.

विरुद्ध धाग्यांचा प्रश्न येथेच सुटतो. अनेक पॅकिटीन जनुके जोडीने असतात: मध्ये एक प्रमोटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना परस्परविरुद्ध दिशांनी जाणारी दोन प्रतिलेखने. धागा न पाहता खिडक्या जोडल्या की ही जोडी एकच उभयधाग्यी क्लस्टर भासते आणि वाचणाऱ्याला फळमाशीतील दोन्ही धाग्यांवरून प्रतिलेखित होणाऱ्या क्लस्टरची आठवण होऊन चुकीचा अर्थ लावला जातो. प्रत्येक धाग्यावर स्वतंत्रपणे शोध घ्यावा, दोन जनुके नोंदवावीत आणि त्यांचा सामायिक प्रमोटर वेगळ्या रकान्यात द्यावा.

वयांच्या बाबतीत, तिन्ही टप्प्यांचे रीड्स आधी एकत्र करून मग क्लस्टर शोधू नका. उंदरात पॅकिटीन पेशी जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतात. म्हणून दहा दिवसांचा नमुना पॅकिटीनपूर्व, सतरा दिवसांचा नमुना संक्रमणाचा आणि प्रौढ नमुना पॅकिटीन पाय-आरएनएने ओतप्रोत भरलेला असतो. एकत्र केल्यास पहिल्या नमुन्यातील क्लस्टर तिसऱ्याच्या पुराखाली बुडतात. प्रत्येक वयात स्वतंत्र शोध घ्यावा, मिळालेले तुकडे प्रतिलेखांवर बसवावेत आणि प्रतिलेखालाच एकक मानून तिन्ही वयांतील पातळी मोजावी. सीमा न जुळण्याची तक्रार त्यातून आपोआप बरीचशी मिटेल. मात्र क्रोमॅटिनचा डेटा प्रौढ वृषणाचा असल्यामुळे दहा दिवसांच्या क्लस्टरसाठी त्यातील शिखर न सापडणे हा नकारात्मक पुरावा मानू नये.

पिंगपाँग खूण, म्हणजे विरुद्ध धाग्यांवरील दोन रीड्सच्या ५′ टोकांमध्ये १० न्यूक्लिओटाइडची व्याप्ती, जरूर मोजावी. पण क्लस्टर ठरवण्याची अट म्हणून लावू नये. प्रौढ उंदरातील पॅकिटीन पाय-आरएनएमध्ये ती क्षीण असते. एकामागोमाग एक कापले जाण्याची, म्हणजे टप्पेबद्ध निर्मितीची खूणही उंदरात सहज दिसत नाही, कारण पीएनएलडीसी१ हे विकर ३′ टोके छाटून टाकते आणि मूळ कापाची जागा पुसली जाते.

आणि क्लस्टर किती मोठा यावरून त्याचे महत्त्व ठरवू नये. १७ व्या गुणसूत्रावरील अतिशय विपुल पाय-आरएनए देणारा क्लस्टर बंद केलेले उंदीर प्रजननक्षम राहिले. ६ व्या गुणसूत्रावरील एका क्लस्टरचा मात्र प्रमोटर काढल्यावर नरांची प्रजननक्षमता घटली, असे २०२० साली दाखवण्यात आले.

बीजकण

बी-२ चा मुद्दा मान्य. चाळणी तंतोतंत जुळणीपुरतीच ठेवावी. एक जोड द्यावीशी वाटते, कारण हा धागा इतर प्राण्यांवर काम करणारेही वाचतील. येथील मापे उंदराच्या वृषणासाठी आहेत. ती दुसऱ्या ऊतीला किंवा प्राण्याला जशीच्या तशी लावता येणार नाहीत. उंदरात पिविल-३ हे पिवी कुळातील जनुक नाही, पण माणूस, गाय, हॅमस्टर यांच्यात ते आहे, आणि मानवी अंडपेशीत त्याच्याशी बांधलेले पाय-आरएनए २० न्यूक्लिओटाइडच्या आसपास, म्हणजे मायक्रोआरएनएहूनही आखूड असतात. २४ पासून सुरू होणारी चाळणी त्यांना पहिल्याच पायरीवर घालवते. उंदराच्या अंडपेशीत तर २१-२२ लांबीचे अंतर्जात एसआय-आरएनएही विशिष्ट जागी दाटीने येतात. ते डायसर या विकराने कापलेल्या दुधाग्यी आरएनएतून बनतात आणि त्यांना पाय-आरएनएच्या कसोट्या लावणे गैर आहे.

मायक्रोआरएनएच्या क्लस्टरसाठी रीड्सची घनता जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे केशपिनेसारख्या पूर्वगामी रचनांमधील अंतर मोजतात आणि मिरबेस या मायक्रोआरएनएच्या संग्रहात त्यासाठी १०,००० बेसची मर्यादा रूढ आहे. मानवी १३ व्या गुणसूत्रावरील १७-९२ क्लस्टरमधील सहा पूर्वगामी सुमारे ८०० बेसमध्ये बसतात, तर १९ व्या गुणसूत्रावरील प्राइमेट-विशिष्ट क्लस्टर सुमारे एक लाख बेसवर पसरलेला आहे.

प्रजातींची तुलना करताना अनुक्रमांचे साम्य शोधू नये. पॅकिटीन क्लस्टरचे अनुक्रम झपाट्याने बदलतात. टिकते ती जागा. दोन्ही बाजूंची शेजारी जनुके ओळखून त्यांच्या मधल्या भागात दुसऱ्या प्रजातीचे पाय-आरएनए आहेत का ते पाहावे. ज्या प्रजातीचा जीनोम अजून तुकड्यातुकड्यांत जुळवलेला आहे, तिथे क्लस्टरची संख्या फुगते, कारण एकच क्लस्टर दोन-तीन तुकड्यांच्या टोकांवर विभागला जातो.

रेणुसूत्र

यादी प्रसिद्ध करताना प्रत्येक क्लस्टरचा धागा, एकस्थानी आणि बहुस्थानी रीड्स वेगवेगळे, तसेच जीनोमची आवृत्ती स्पष्ट लिहावी. २०१३ सालची यादी उंदराच्या जुन्या आवृत्तीवर आहे. तिचे निर्देशांक नव्या आवृत्तीवर आपोआप रूपांतरित केले तर पुनरावर्ती भागांतील काही क्लस्टर दुभंगतात किंवा गळतात. तुलनेसाठी रूपांतरित निर्देशांकांवर विसंबण्याऐवजी जुन्या कामातील मूळ रीड्स घेऊन आपण वापरत असलेल्या आवृत्तीवर नव्याने मॅप करावेत.